रिकामं वजन

जालन्यात एमआयडीसीच्या टोकाला
रात्री आठ ते सकाळी आठ मी ट्रक मोजतो.
भंगार येतं, सळया जातात.
दोन ट्रकांच्या मधे जेवढा वेळ मिळतो
तेवढ्यात मी पन्नास जणांचा लीडर.

क्लॅनचं नाव कुंडलिका.
शोएब म्हणला, नदीत पाणी कुठंय बे?
म्हणलं, आपण आहोत की.

पहिल्या वर्षी नियम कडक होते.
तीन दिवस दिसला नाही, बाहेर.
दोन हल्ले चुकले, बाहेर.
माणूस काढायला एक बोट पुरतं,
त्या बोटाची चटक लागते.
दिवाळीपर्यंत उरलो नऊ,
नऊही पट्टीचे, नऊही चिडलेले.
लक्ष्मीपूजनाला ग्रुपवर
एकानंसुद्धा साधा दिवा टाकला नाही.

मग एका रात्री भोकरदनकडचा ड्रायव्हर
काट्यावरून उतरून तंबाखू मळत म्हणला,
"गाडी तीच, नंबर तोच,
रिकामं वजन दरखेपेला कामून घेता?"
म्हणलं, चाकाला चिखल असतो कधी,
टाकीत डिझेल कमी-जास्त,
कधी क्लीनर आत झोपलेला असतो.
तीच गाडी रोज तेवढीच भरत नाही.
तो पावती खिशात घालून गेला.
मी मोबाईल पालथा ठेवला
आणि मेंबरांची यादी उघडलीच नाही सकाळपर्यंत.

आता आधी विचारतो.
भास्कर आठवडाभर गायब :
त्याच्या मोठ्या भावाचा मोसंबीचा टेम्पो अंबडजवळ उलटला होता,
हा दवाखान्यात डबे पोचवत होता.
जागा तशीच ठेवली.
'काळा_बिबट्या' दहाला बरोबर बंद पडायचा, लढाईच्या ऐन मधे.
सगळे शिव्या देत होते.
निघाली परतूरची सत्यशीला, नर्सिंगला,
हॉस्टेलचं वायफाय दहाला झोपतं.
मग लढाई साडेआठला आणली.
एका पोरीसाठी पन्नास जणांची जेवणं मागं सरकली.
दोघं कुरकुरत सोडून गेले.
जाऊ दिलं.

मंठ्याचा हर्षानंद आठवीत.
दरवेळी भिंतीवरच मरतो,
आणि मेल्यावर स्वतःच हसतो.
त्याला एकच काम दिलंय :
नव्यांना सांगायचं, भिंत कुठं पातळ आहे.
त्याच्याएवढ्या भिंती कुणी खाल्ल्यात?
परवा एका बँकेतल्या साहेबाला
तो अर्धा तास समजावत होता,
"काका, घाई नका करू. आधी डावीकडून बघा."

आणि शोएब.
आला तेव्हा लेव्हल चार, तोंडाळ, उतावळा.
माझं सैन्य उधार घेऊन घेऊन हरायचा.
मी देत राहिलो.
दोन वर्षांनी मीच त्याचे हल्ले
पुन्हा पुन्हा लावून बघायला लागलो, शिकायला.
मागच्या महिन्यात त्यानं मेसेज नाही, फोन केला.
पुण्याची टीम. जर्सी, हेडफोन, महिना सात हजार.
पलीकडं बराच वेळ नुसता पंखा ऐकू येत होता.
"भाई, जाऊ क्या?"

तोंडात बरंच काही आलं होतं.
दोन वर्षांचं उधार सैन्य आलं,
पुढच्या रविवारची लढाई आली.
म्हणलं, जा.
तुझा जुना हेडफोन तेवढा हर्षानंदला देऊन जा,
त्याच्या एका कानात काहीच येत नाही.

एकोणपन्नास.
सगळे म्हणतात, भरून टाक ती जागा, लढाई जवळ आली.
भरतो म्हणतो, आणि भरत नाही.
रविवारी हरलो. चांगले सपाटून हरलो.
सत्यशीलानं लिहिलं, "उद्या परत?"
आणि खाली एकामागून एक, न सांगता,
एकतीस अंगठे.

पहाटेचे पाच. रोलिंग मिलचा आवाज थोडा मऊ झालाय.
एक रिकामा ट्रक काट्यावर चढतो,
आकडे थरथरतात, थांबत नाहीत अजून.
तेवढ्यात मोबाईल थरथरतो :
अनोळखी नाव, लेव्हल चार,
विनंतीत दोनच शब्द.
'घेता का'

ड्रायव्हर हॉर्न देतो.
थांब म्हणलं, बघू तर दे.